जुन्या गोव्यात दुपारचे चार तास: सान्ता मोनिका की फ्रान्सिसचा मठ?

घनसाळ
नमस्कार. येत्या शुक्रवारी आम्ही आजऱ्याहून पहाटे निघून कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायला चाललोय. आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा, फोंडा असा रस्ता. ओटी, अभिषेक, महाप्रसाद उरकून साडेबारापर्यंत मोकळे होऊ असा हिशोब आहे. रात्रीचा मुक्काम पणजीत नणंदेकडे. मधे एक ते पाच हातात आहेत आणि वाटेत जुनं गोवं.

तिथे म्हणे दोन संग्रहालयं आहेत. एक पुरातत्त्व खात्याचं, फ्रान्सिस असिसीच्या मठात. दुसरं ख्रिस्ती कलेचं, सान्ता मोनिकाच्या मठात. दोन्ही वास्तू मुळात कॉन्व्हेंट. घरी हा शब्द उच्चारला आणि घोळ झाला. सासूबाई म्हणाल्या, "कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी शाळाच ना? सुट्टीच्या दिवशी शाळा बघायला कोण जातं?" समजावून सांगितलं, तर पुढचा प्रश्न आणखी अवघड निघाला: "ज्या पोर्तुगीजांमुळे आपल्या देवीला केळशी सोडून रातोरात नदीपार यावं लागलं, त्यांची चित्रं बघायला आपणच तिकीट काढून जायचं?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. माझा सगळा दिवस पतपेढीच्या काउंटरवर जातो, इतिहासाशी दहावीनंतर संबंध नाही. पण मुलगा आठवीत आहे, चित्रं बरी काढतो, गेले सहा महिने जे दिसेल त्याची रेखाटनं करतो. त्याला दाखवावं असं फार वाटतं. सासूबाई ७१ वर्षांच्या, उजवा गुडघा दुखतो. नवरा गाडीत झोपेल, त्याची काळजी नको.

एकच होणार असेल तर कोणतं? आणि सासूबाईंना काय सांगू?

रायबंदरची
ताई, निम्मा प्रश्न वारानेच सुटला. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद. दरवेळी कोणी ना कोणी दारापर्यंत जाऊन परततं. म्हणजे शुक्रवारी सान्ता मोनिका. नणंद पणजीत आहे, तर शनिवारी सकाळी परतण्याआधी फ्रान्सिसचा मठ करा, पणजीहून दहा किलोमीटरसुद्धा नाही.

सान्ता मोनिका वर टेकडीवर आहे. खालच्या बॉ जेझुस चर्चपाशी गाडी लावून चालत चढू नका, दुपारी तिथे सावली कमी. गाडी थेट वर नेता येते. दारासमोर सान्त आगुश्तीन चर्चचा पडका मनोरा आहे, ४६ मीटरचा, १९३१ साली अर्धा कोसळून जो उरला तो. मुलगा तासभर तिथून हलणार नाही. जॉर्जियाची राणी केतेवान हिची हाडं पुरातत्त्ववाल्यांना याच अवशेषांत सापडली. १६२४ साली इराणात तिला हालहाल करून मारलं होतं, आगुश्तीन पंथाच्या पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री झाली आणि २०२१ मध्ये आपल्या सरकारने ते जॉर्जियाला दिले. आमच्या गावाच्या पलीकडे एवढं सगळं पुरलेलं होतं, आणि आम्ही लहानपणी तिथे करवंदं काढायला जायचो.

रंधा_पटाशी
मी कुडाळचा. लाकडावर कोरीव काम करण्यात ३८ वर्षं गेली. देव्हारे, मखरं, झोपाळ्याच्या कड्या सोडून बाकी सगळं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मुलगा करतो आणि मी चुका काढतो. सान्ता मोनिकाला पाच वेळा गेलोय. भाविक म्हणून नाही, इतिहासकार म्हणून तर नाहीच. कारागीर कारागिराकडे जातो तसा जातो.

सुरुवात अशी झाली. वीसेक वर्षांपूर्वी बार्देशातल्या एका लहान चर्चचा संत माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. सागवानी, कमरेएवढ्या उंचीचा, उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. घोंगडीवर आडवा ठेवून उलटा केला तर पाठ पोकळ! मागून आतपर्यंत पोखरलेला. मोठा ओंडका अखंड ठेवला तर बाहेरून सुकतो, आतून ओला राहतो आणि छातीवर भेग पडते. म्हणून आतला गाभा काढायचा. आमच्या वडलांनी मला हेच शिकवलं होतं. पाठ भिंतीला लागणार, तेव्हा तिथे घासकाम करायचं नाही, पटाशीचे घाव तसेच सोडायचे, तेही आमच्यासारखंच. आणि पायाखाली ढग कोरायचे होते, त्या ढगांच्या कडा कमळाच्या पाकळीसारख्या उचललेल्या. माझे वडील पाकळी उचलायचे तश्शीच. मी बराच वेळ हातोडी खाली ठेवून बसलो होतो. बोटं बसवली, पैसे घेतले, पण त्या दिवसापासून ही खोड लागली.

आता मठाबद्दल. १६०६ साली बांधायला घेतला, १६२७ मध्ये पुरा झाला, १६३६ साली आगीत जळाला, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा उभा करायला घेतला. आशियातल्या संन्यासिनींच्या सगळ्यांत मोठ्या मठांपैकी एक. आर्चबिशप आलेइशु द मेनेझेस याने स्थापलेला. बाहेरून बघाल तर मठ कमी आणि किल्ला जास्त वाटतो. भिंतींना जांभ्याचे एवढे थोरले टेकू दिलेत की आमच्याकडे त्यात दोन घरं बसतील. आत बायका राहायच्या, एकदा आत गेलं की बाहेर नाही. श्रीमंत घरातल्या मुली हुंड्यासकट इकडे यायच्या म्हणून शहराच्या कारभाऱ्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी केल्या होत्या, पैसा मठात अडकतो आणि लग्नाला मुली उरत नाहीत म्हणून. हे सासूबाईंना सांगा, त्यांना पटेल. पुढे १८३४–३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच सगळे पंथ मोडीत काढले. पुरुषांचे मठ तडकाफडकी रिकामे झाले. इथल्या बायकांना राहू दिलं, पण नवी कोणी घ्यायची नाही. मग एकेक करत सरत गेल्या, शेवटची १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षं एवढ्या मोठ्या वास्तूत माणसं फक्त कमी होत होती. त्यानंतर सैन्याची बराक झाली.

संग्रहालय आधी राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, होतं, १९९४ पासून. २००२ मध्ये इकडे आणलं. मधे मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२२ मध्ये उघडलं. राशोल म्हटलं की आपल्याला थॉमस स्टीफन्स या पाद्र्याचं मराठी ख्रिस्तपुराण आठवायला हवं, तिथेच १६१६ साली छापलं गेलं. पण तो विषय लांबेल.

आत काय बघायचं? फलक वाचत बसू नका, म्हणजे पहिल्या फेरीत तरी. हात बघा. हस्तिदंती मूर्तींचे हात वेगळे करून मनगटात कूस घालून बसवलेले असतात, त्यामुळे तेच आधी गळतात. हस्तिदंती मूर्ती कंबरेत जराशी वाकलेली दिसली तर ती अदा नव्हे, सुळ्याचा बाक आहे. कारागिराने बाकाला नमस्कार करून काम केलंय.

एक मूर्ती प्रकार चुकवू नका: 'भला मेंढपाळ'. लहानगा येशू डोंगराच्या टोकावर मांडी घालून बसलाय, हाताच्या तळव्यावर गाल टेकून झोपलाय. खांद्यावर मेंढरू, मांडीत मेंढरू. खाली कडेकपारी, झऱ्यावर पाणी पिणारे पक्षी, आणखी मेंढ्या, आणि तळाच्या गुहेत आडवी होऊन वाचणारी येशूची शिष्या मारिया माग्दालेना. सगळं वीतभर हस्तिदंतात. युरोपात मेंढपाळ येशू खूप आहेत, पण तो बहुधा उभा असतो. मांडी घालून डोळे मिटलेला हा इथलाच. कोणाचे डोळे असे अर्धवट मिटतात ते तुमच्या मुलाला विचारा, त्याने पुस्तकात बुद्ध पाहिला असेल.

दुसरा जॉन बाप्तिस्त, येशूला बाप्तिस्मा देणारा. बायबलात तो उंटाच्या केसांचं वस्त्र नेसतो. इथे कोरणाऱ्याने व्याघ्रांबर दिलंय. अरण्यात राहणारा जटाधारी तपस्वी म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार?

आणि चांदीचा पेलिकन, सान्ता मोनिकाचाच. गोलावर उभा राहून स्वतःची छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजतोय. पेलिकन आपल्या सोनाराने कशाला पाहिलेला असतोय! मला तर तो मानेकडून हंस आणि पंखांकडून गरुड वाटतो.

सासूबाईंचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण एवढं सांगा की १५६७ च्या धर्मसभेने ठराव केला होता, ख्रिस्ती लोकांनी आपल्या पूजेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घेऊ नयेत. बंदी कधी घालतात? काम चालू असतं तेव्हा. देवीला केळशीहून नेणारे आणि ह्या मूर्ती घडवणारे, एकाच गावचे असू शकतात.

सडेतोड
मी नेहमी वाचतो फक्त, आज राहवलं नाही. १५४० पासून तिसवाडीतली देवळं पाडली, १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसवलं, ते १८१२ पर्यंत चाललं. आणि आपण तिथे जाऊन पटाशीच्या घावांचं कौतुक करायचं? देवळाच्या दगडावर चर्च उभं राहिलं, तिथल्या चांदीच्या पक्ष्यात सोनाराचं कसब बघायचं? माफ करा, सासूबाईंचा मुद्दा तुम्ही टोलवलात. त्यांना सरळ मंगेशी-म्हाळशाला न्या.

रंधा_पटाशी
सडेतोडराव, टोलवला नाही, सुटला नाही म्हणून बाजूला ठेवला. तुम्ही लिहिलंत त्यातलं काहीच खोटं नाही. पण शनिवारी ह्या लोकांनी फ्रान्सिसच्या मठात जावं असं मी त्याच कारणासाठी म्हणेन. मोडलेल्यातलं जे उरलं ते तिथेच ठेवलंय.

तो मठ फ्रान्सिस्कनांचा, म्हणजे पुरुषांचा. ते १५१७ साली आले. चर्च १५२१ चं, नंतर १६६१ मध्ये नव्याने बांधलं पण दाराची गडद दगडाची जुनी चौकट तशीच ठेवली. ती चौकट आधी बघा. १८३५ मध्ये हाही मठ रिकामा झाला. १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय तिथे आहे.

आत शिरताच गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कचा ब्राँझचा पुतळा. पूर्वी तो पणजीत आझाद मैदानाच्या मंडपात उभा होता, आता छपराखाली वाट अडवून उभा. कवी कामोंइशचाही आहे, मोठाच्या मोठा, हातात गुंडाळी घेऊन. त्यांना वळसा घाला. खालच्या ओवऱ्यांमध्ये कदंबांच्या काळातला विष्णू आहे, सूर्य आहे, देवनागरी लेखांचे दगड आहेत, वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड आहेत. एका वीरगळावर चक्क नौकायुद्ध. आपल्याकडे घाटावर गायी सोडवताना मेलेल्यांचे वीरगळ असतात, इथे वल्ही मारणारे! तुम्ही आजऱ्याकडचे, गावच्या देवळाबाहेर वीरगळ पाहिलेच असतील. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा नेतायत, वर लिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. सतीचे दगडही आहेत, कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात.

आणि वरच्या मजल्यावर साठेक गव्हर्नर-व्हाइसरॉय रांगेने टांगलेत. जिना आहे, गुडघा बघून ठरवा. माझ्या मते सासूबाईंनी खालीच बसावं. पण मुलाला वर पाठवा आणि एक गोष्ट सांगून पाठवा. १५४७ साली जुआंव द कास्त्रू या गव्हर्नरने आपल्या आधीच्या सगळ्यांची चित्रं काढवून घेतली. इतिहास लिहिणारा गास्पार कुर्रैया देखरेखीला होता आणि रंगवणारा इथलाच एक चितारी. कुर्रैयाने स्वतःच ते लिहून ठेवलंय. कोणता गव्हर्नर कधी आला, कधी गेला, सगळं नोंदलंय, रंगवणाऱ्याचं नाव मात्र दिलेलं नाही. पुढच्या काळात त्या चित्रांवर इतके हात फिरले की मूळ रंग कुठे राहिलाय ते शोधावं लागतं. आमच्या सावंतवाडीच्या गंजिफ्याला, म्हणजे रंगवलेल्या गोल पत्त्यांना, चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर देतात तसा थर लाकडी फळीवरही लागतो. पोपडा निघालेल्या जागी तो दिसतो. मी गव्हर्नरांचे चेहरे बघतच नाही, पोपडे बघतो.

तुमचा राग बरोबर आहे. पण त्या बिनानावाच्या चिताऱ्याला बघायला आपण नाही जायचं तर कोणी जायचं?

सडेतोड
नौकायुद्धाचा वीरगळ माहीत नव्हता. बाकी मत तेच.

रायबंदरची
गोडाचं कोणी बोललंच नाही! सासूबाईंना न्यायची माझी युक्ती: बिबिंक, गोव्याचा थराथरांचा गोड केक. दंतकथा अशी सांगतात की सान्ता मोनिकातल्या बेबियाना नावाच्या संन्यासिनीने तो पहिल्यांदा केला, सात थरांचा, लिस्बन आणि जुन्या गोव्याच्या सात टेकड्यांसाठी. पाद्र्यांनी खाऊन बघितला आणि म्हणाले छान आहे पण थर कमी आहेत. मग सोळा झाले! खरंखोटं देव जाणे. पोर्तुगालात असंही सांगतात की मठांत कपड्यांच्या खळीला अंड्याचा पांढरा वापरायचे, उरलेल्या बलकांचं करायचं काय म्हणून गोडधोड. बिबिंकात बलक किती जातात ते बघितलं तर विश्वास बसतो. अंडं चालत नसेल तर मात्र युक्ती बाद.

घनसाळ
सगळ्यांचे आभार. जाऊन आलो, आणि काय काय झालं ते लिहिते.

कवळ्यालाच दीड वाजला. देवळात सासूबाईंनी गुरुजींना विचारलं, हे देऊळ कोणी बांधलं. शाहू महाराजांच्या नारोराम मंत्र्यांनी, १७३८ च्या सुमारास, असं ते म्हणाले. गाडीत बसल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग स्वतःहूनच म्हणाल्या, "म्हणजे दोनशे वर्षं देवी साध्या छपराखाली होती." मी मुद्दाम काही बोलले नाही. बॉ जेझुसवरून वर वळलो तेव्हा त्यांनी कुठे नेताय असं विचारलं नाही.

सान्ता मोनिकाचे टेकू बघून नवरा जागा झाला. तो बांधकामातला आहे. तो बाहेरच भिंतीला हात लावत फिरत राहिला, चिरा किती इंची असेल वगैरे. आम्ही तिघं आत. गार वाटलं. सासूबाईंनी चप्पल काढली, तिथल्या मुलीने सांगितलं आजी चप्पल चालते, तरी नाही घातली.

मुलाने पेलिकनचं रेखाटन केलं. रंधाकाका, त्याच्या मते मान हंसाची नाहीच, बदकाची आहे. व्याघ्रांबर त्यानेच आधी ओळखलं आणि जोरात ओरडला, "आजी, शंकर!" दोन परदेशी बायका वळून बघायला लागल्या. सासूबाईंनी जवळ जाऊन बघितलं, पट्टे मोजल्यासारखं केलं, आणि म्हणाल्या, "नाग विसरलाय."

मेंढपाळापाशी त्या सगळ्यात जास्त थांबल्या. मला वाटलं गुडघा दुखतोय म्हणून टेकल्यात. मी खालची गुहा, झरा, सगळं तुमचं वाचलेलं सांगायला लागले तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू. झोपलंय ते."

बिबिंक घेतला, अंडं नसल्यासारखं सगळ्यांनी खाल्लं. माझ्या तुकड्यात थर सात निघाले, पाद्री ओरडले असते.

शनिवारी फ्रान्सिसचा मठ. नौकायुद्धाचा वीरगळ सापडला, मुलगा त्याच्यासमोर फरशीवर बसकण मारून तासभर वल्ही काढत होता. आल्बुकेर्कला मात्र सासूबाईंनी खरंच वळसा घातला, पाठ फिरवून, पदर सावरून. सतीच्या हातापाशी बांगड्या मोजल्या. मग जिन्याकडे बघून म्हणाल्या, वर कोण आहेत म्हणालीस? मी सांगितलं, गव्हर्नर, साठेक. "राहू देत वरच," म्हणाल्या आणि ओवरीच्या कठड्यावर बसून डब्यातलं आवळ्याचं सरबत प्यायल्या. मुलगा एकटाच वर जाऊन आला. त्याने वहीत एकही चेहरा काढलेला नाही. एका चित्राचा कोपरा काढलाय, जिथून रंग उडालाय तो. खाली लिहिलंय: चितारी, नाव नाही.

रंधाकाका, कुडाळला कधी असता? पुढच्या महिन्यात सावंतवाडीला लग्न आहे. मुलाला पटाशी धरून बघायचीय.

रंधा_पटाशी
रविवार सोडून कधीही. बोट कापलं तर रडायचं नाही एवढं आधी सांगून आणा.